शंभर सिगारेटी चालतील, एक वेप चालणार नाही

जहांगीर बादशहाने इराणच्या दरबारी पाठवलेला वकील खान आलम तंबाखूचा भलताच शौकीन होता. घडीभरही त्याला धुरावाचून करमत नसे. पंचाईत अशी, की इराणच्या शाह अब्बासने आपल्या मुलखात तंबाखूला बंदी केली होती. हिंदुस्थानच्या बादशहाचा वकील, त्याला अडवायचे कोणी? शेवटी यादगार अली सुलतान या इराणी सरदाराने पाहुण्याची अडचण शहाच्या कानावर घातली. शहाने चक्क दोन ओळींची कविता करून त्याला मुभा दिली आणि खान आलमने उलट कवितेतच आभार मानले. हा किस्सा जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे, आणि तोही नेमका १६१७ साली स्वतः तंबाखूबंदीचा हुकूम काढल्याची नोंद करताना.

चारशे वर्षांनंतर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर कोणी कविता करत नाही. बॅगेत वेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडला की कस्टमचा अधिकारी तो काढून घेतो. मालक वकील असो की वकिलातीतला, वस्तू परत मिळत नाही.

मोगलांच्या दरबारात तंबाखू पोचली ती दख्खनमार्गे. अकबराचा दूत असद बेग १६०४च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने इतर नजराण्यांबरोबर तंबाखूचा साठा आणि रत्नजडित चिलीम आणली. बादशहाने कौतुकाने दोन झुरके घेतले. हकीम मात्र बिथरला. या पाल्याचा आपल्या ग्रंथांत उल्लेख नाही, फिरंग्यांनी आणलेली ही चीज तपासल्याशिवाय घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. त्यावर असद बेगने युक्तिवाद केला, की फिरंगी काही खुळे नाहीत, त्यांच्या शहाण्यांनी पारखूनच घेतली असेल. २०१९च्या सप्टेंबरात दिल्लीत ई-सिगारेटवर जो वाद झाला, त्याची अर्धी वाक्ये या दोघांनी आधीच बोलून ठेवली होती.

दख्खनच्या किनाऱ्यावर तंबाखू उतरवली पोर्तुगीजांनी. ठाणे ते वसई हा खाडीचा सगळा टापू सोळाव्या शतकापासून १७३७-३९पर्यंत त्यांच्या ताब्यात होता. उल्हास नदी डोंगराला वळसा घालून वसईच्या खाडीकडे सरकते, तिथल्या टेकडीवर त्यांनी गढी बांधली. अरबी घोडे या धक्क्यावर उतरत, म्हणून गावाचे नाव घोडबंदर, असे सांगतात. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे जिंकले आणि हा किल्लाही त्यांच्याकडे आला. तिकडे गोव्यात पोर्तुगीज सरकारने तंबाखूविक्रीचा मक्ता स्वतःच्या मुठीत ठेवला होता. त्यासाठी ब्राझीलमधल्या बाहिया प्रांतातली तंबाखू जहाजांनी अर्धे जग ओलांडून येई. त्याच ब्राझीलने २००९ साली ई-सिगारेटची विक्री बंद केली आणि २०२४मध्ये ती बंदी पुन्हा कायम केली.

आज घोडबंदर म्हटले की किल्ला कोणाला आठवत नाही. आठवतो तो रस्ता: कापूरबावडीपासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, गायमुख करत अहमदाबाद महामार्गाला भिडणारा. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे तीस-चाळीस मजली गृहसंकुले आणि मेट्रोचे खांब. उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर रात्रभर याच रस्त्याने धडधडत जातात. पातलीपाड्याला टीसीएसचे अवाढव्य संकुल आहे. इथल्या घराघरांतून कोणी ना कोणी सिंगापूरला, लंडनला, दुबईला असते किंवा जाण्याच्या तयारीत असते. त्यामुळे जगाच्या कोपऱ्यात कुठे वेपबंदी झाली, तर तिची झळ या रस्त्यावरच्या एखाद्या तरी घराला लागतेच.

बंदी ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. २००२च्या ऑगस्टात राज्याने गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०१२च्या जुलैमध्ये अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेऊन बंदी परत आली आणि तेव्हापासून दरवर्षी तिची मुदत वाढवली जाते. गुजरातेतून येणारा गुटख्याचा ट्रक महामार्गावर पकडल्याची बातमीही वर्षातून अनेकदा येते. डिसेंबर २०१७मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ माणसे गेली. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवले गेले आणि २०१८मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरच बंद केली: एक ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते एक लाख रुपये दंड. शाळा-कॉलेजांच्या जवळ, मॉलच्या आडोशाला थाटलेली अनेक पार्लरे त्यात गेली. काहींनी पाट्या बदलल्या.

नेमक्या याच काळात वेप आला.

बॅटरीवर चालणाऱ्या या सिगारेटीचा जनक होन लिक हा चिनी औषधनिर्माता. वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले, स्वतःलाही सिगारेट सुटत नव्हती, म्हणून २००३च्या सुमारास त्याने निकोटिनच्या द्रावाची वाफ करणारे यंत्र बनवले. पुढे शेन्झेन शहर या यंत्रांची जागतिक पेठ झाले. भारतात सुरुवातीला ते ऑनलाइन आणि मोठ्या शहरांतल्या निवडक दुकानांत मिळे. पेनड्राइव्हसारखा दिसणारा वेप आईवडिलांच्या ध्यानात येत नसे आणि आंबा, पुदिना, स्ट्रॉबेरी असल्या वासांमुळे घरात संशयही येत नसे.

सरकारला मात्र ही वस्तू कोणत्या कायद्यात बसवावी ते कळत नव्हते. तंबाखूचा कायदा लावावा, तर त्यात तंबाखूच नाही. औषधांचा लावावा, तर ते औषध आहे का? ऑगस्ट २०१८मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना विक्री रोखण्याचा सल्ला दिला. मार्च २०१९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, ही वस्तू प्रथमदर्शनी औषधाच्या व्याख्येत बसत नाही असे म्हणत, त्या सल्ल्यावर आधारलेल्या परिपत्रकाला स्थगिती दिली. मे महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने संपूर्ण बंदीची शिफारस केली. अमेरिकेतली जूल ही बलाढ्य कंपनी तेव्हा भारतात उतरण्याच्या तयारीत होती. तिथल्या शाळकरी मुलांत वेप झपाट्याने वाढल्याचे आकडे येत होते आणि ऑगस्टपासून वेप ओढणाऱ्या तरुणांच्या फुप्फुसांच्या गूढ आजाराच्या बातम्याही. पुढे त्या आजाराचा मुख्य संशय गांजाच्या अर्कात मिसळलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या तेलावर आला, पण तोवर इकडचा निर्णय झालेला होता.

१८ सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषदेत बंदीची घोषणा केली आणि त्याच दिवशी वटहुकूम निघाला. शेअर बाजारात सिगारेट कंपन्यांचे भाव चढले. सिगारेट कंपन्यांत मोठी असलेल्या आयटीसीत सरकारी मालकीच्या एलआयसीचा घसघशीत हिस्सा आहे, हे ज्यांना माहीत होते ते गालात हसले. लोकसभेने २७ नोव्हेंबरला, राज्यसभेने २ डिसेंबरला विधेयक मंजूर केले आणि ५ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली.

कायदा कडक आहे. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात यांपैकी काहीही पहिल्यांदा केले, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केले, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निकोटिन असो वा नसो, ई-हुक्का असो की तंबाखू न जाळता नुसती तापवणारे यंत्र असो, सगळे एकाच व्याख्येत. जुना साठा ज्याच्याकडे असेल त्याने यादी करून जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावा, असेही बजावले होते. झडती आणि जप्तीचा अधिकार फौजदाराला दिला.

या लांबलचक यादीत एक क्रियापद मात्र नाही: ओढणे. वेप वापरणाऱ्याला शिक्षा सांगणारे कलम कायद्यात नाही. साठ्याचे कलमही जागेच्या मालकाला आणि ताबेदाराला उद्देशून आहे, खिशातल्या एका नगाला उद्देशून नाही. यातून एक विचित्र परिस्थिती उभी राहिली. वाघबीळच्या टपरीमागे उभा राहून वेप ओढणाऱ्या पोराला हात लावायचा तर पोलिसाला पुस्तक उलटसुलट चाळावे लागते. पण तोच वेप घेऊन विमानातून उतरणारा माणूस आयातदार ठरतो, कारण सीमा ओलांडून वस्तू आणणे म्हणजे आयात. कायदा लिहिला व्यापाऱ्यासाठी आणि रोजच्या रोज सापडू लागला प्रवासी.

परदेशी पाहुण्याच्या बाजूने पाहिले, तर सगळा प्रकार चक्रावणारा आहे. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०१५मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेनेच, वेप हा सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक, असा अंदाज जाहीर केला होता. एप्रिल २०२३मध्ये तिथल्या सरकारने सिगारेट सोडू पाहणाऱ्या दहा लाख लोकांना वेपचे संच देण्याची योजना आखली. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने वेपवर आलेला मँचेस्टरचा पन्नाशीतला गृहस्थ गोव्याला सुट्टीसाठी निघतो, तेव्हा त्याच्या लेखी ते जवळजवळ औषधच असते. विमान कंपनी त्याला सांगते, बॅटरीला आग लागण्याचा धोका आहे, म्हणून वेप सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. तो इमानेइतबारे ठेवतो आणि भारतात उतरल्यावर त्याच हातातल्या बॅगेतून तो काढून घेतला जातो. ब्रिटनचे परराष्ट्र खाते भारतात जाणाऱ्यांना याची स्पष्ट सूचना देते, पण सुट्टीला निघताना सरकारी सूचना कोण वाचतो?

यावर कडी म्हणजे, आपल्या बॅगेज नियमांनुसार प्रवाशाला १०० सिगारेटी जकात न भरता आणता येतात. आठ वर्षांपूर्वी सिगारेट सोडलेल्या माणसाचा वेप जप्त होतो आणि तिथेच ड्यूटी-फ्री दुकानात सिगारेटची पाकिटे मांडलेली असतात. सार्वजनिक आरोग्याच्या नावाने केलेल्या कायद्याचा एखाद्या माणसावर असा नेमका उलटा परिणाम होऊ शकतो, हे कायद्याच्या समर्थकांनीही मान्य करायला हवे. त्यांचा मुख्य मुद्दा तरी खोटा ठरत नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखूच्या कुठल्या ना कुठल्या रूपाचे सेवन करणारे निघाले, तर ई-सिगारेट वापरणारे जेमतेम ०.०२ टक्के. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि मळून, चघळून, मिश्री लावून तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. ज्या राज्याचे व्यसन मुळात चुन्याच्या डबीतले आहे, तिथे ब्रिटनसारखे ‘सिगारेट सोडा, वेप धरा’ हे गणित लागू पडत नाही. इथे वेपने सिगारेटवाल्यांना सोडवले असते, त्यापेक्षा कधीच काही न ओढलेल्या कॉलेजच्या मुलांना धरले असते, अशी भीती होती आणि ती रास्त होती.

आखातातून येणाऱ्यांचा गोंधळ वेगळाच. संयुक्त अरब अमिरातीने वेपची विक्री कायदेशीर केली ती एप्रिल २०१९मध्ये, म्हणजे भारताच्या बंदीच्या अवघे पाच महिने आधी. तोवर दोन्हीकडे साधारण सारखीच कुरबुर होती. मग अचानक दुबईच्या मॉलमध्ये वेपची चकचकीत दुकाने आणि अडीच-तीन तासांच्या अंतरावरच्या मुंबईत जप्ती. गणपतीला घरी येणाऱ्या मुलाने स्वतःसाठी एक आणि मित्रांसाठी चार असे पाच नग आणले, तर ‘माझ्या वापरासाठी’ हे सांगणेही अवघड. जपानमध्ये नागोया शहरात २०१४पासून खुलेआम विकली जाणारी तंबाखू तापवण्याची यंत्रेही इथे त्याच यादीत बसतात. सीमाशुल्क कायद्याच्या ११०व्या कलमाखाली जप्ती झाली, की वाद घालून हाती काही लागत नाही.

उलटा प्रवास याहून धोक्याचा. भारतात वेप गेला तर वस्तू जाते, काही देशांत माणूस अडकतो.

सिंगापूरचे उदाहरण घोडबंदरच्या घरांनी नीट समजून घ्यावे, कारण तिथे मराठी माणसे पुष्कळ आहेत आणि जाऊन-येऊन असणारी त्याहून पुष्कळ. सिंगापूरनेही सुरुवात विक्रेत्यापासूनच केली. मग १ फेब्रुवारी २०१८पासून नुसते जवळ बाळगणे, विकत घेणे आणि ओढणे हाही गुन्हा झाला, दोन हजार सिंगापुरी डॉलरपर्यंत दंडाचा. भारतीय कायद्याने जे पाऊल टाकले नाही, ते सिंगापूरने आधीच टाकले होते. २०२५मध्ये प्रकरण चिघळले. पकडलेल्या वेपच्या तपासणीत जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात इटोमिडेट सापडले. हे शस्त्रक्रियेआधी भूल देण्याचे औषध. पंतप्रधान लॉरेन्स वाँग यांनी १७ ऑगस्टच्या राष्ट्रीय दिनाच्या भाषणात वेपकडे यापुढे अमली पदार्थांच्या नजरेने पाहिले जाईल, असे जाहीर केले. १ सप्टेंबर २०२५पासून पहिल्या गुन्ह्याला प्रौढांना ७०० डॉलर आणि १८ वर्षांखालच्यांना ५०० डॉलर दंड सुरू झाला. परदेशी नागरिक पुन्हा पुन्हा सापडला, तर त्याचा नोकरीचा किंवा शिक्षणाचा पास रद्द, देशाबाहेर रवानगी आणि परत येण्यास मनाई. वर्षानुवर्षे खपून मिळवलेला एम्प्लॉयमेंट पास, मुलांची शाळा, घराचा करार, सगळे एका वेपपायी गमावण्याची वेळ येऊ शकते. पर्यटकालाही सूट नाही.

थायलंडची तऱ्हा निराळी. तिथे २०१४पासून आयातीला बंदी आहे आणि आयातीच्या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण बँकॉकच्या रस्त्यांवर वेप उघड विकला जाई, त्यामुळे पर्यटकाला वाटे, चालत असणार. जून २०२२मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून वगळला गेल्यावर तर गोंधळ शिगेला पोचला: गांजाचे दुकान कायदेशीर आणि वेप बेकायदा! जानेवारी २०२३मध्ये तैवानच्या एका अभिनेत्रीला बँकॉकच्या नाकाबंदीत अडवून तिच्याकडून २७ हजार बाट उकळल्याचे प्रकरण गाजले आणि संबंधित पोलिसांवर कारवाई झाली. भारतीयांना नोव्हेंबर २०२३पासून व्हिसामाफी मिळाली आणि २०२४मध्ये वीस लाखांहून अधिक भारतीय तिकडे जाऊन आले. २०२५च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारने वेपविरोधी मोहीम जोरात उघडली.

मालदीवने १५ डिसेंबर २०२४पासून वापरावर आणि बाळगण्यावरही बंदी आणली, पर्यटकांसकट. व्हिएतनामने १ जानेवारी २०२५पासून. मधुचंद्राला निघालेली जोडपी आणि कंपनीच्या सहलीला निघालेली मंडळी नेमकी याच ठिकाणी जातात.

आणि इकडे घरी? वटहुकूम निघाल्यानंतर वेप दिसेनासा झाला, संपला नाही. ४ सप्टेंबर २०२२ला महसूल गुप्तचर संचालनालयाने सुरतेत ८५ हजारांहून अधिक ई-सिगारेटी पकडल्या, किंमत सुमारे २० कोटी. दोनच आठवड्यांत मुंद्रा बंदरात दोन लाखांहून अधिक सापडल्या, सुमारे ४८ कोटींच्या. इतका माल पकडला गेला, तर न पकडलेला किती असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा. पानाच्या ठेल्यावर ओळखीच्या गिऱ्हाइकाला खालच्या खणातून काढून देण्याचा धंदा गुटख्याने आधीच शिकवून ठेवला होता. वेपने फक्त त्या खणात जागा घेतली. त्यात द्राव कसला आहे, निकोटिन किती आहे, हे तपासणारे कोणी नाही, कारण जी वस्तू अस्तित्वातच असू नये तिला दर्जा कुठला?

मे २०२३मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पुन्हा जाहीर सूचना काढली, जुलैत तक्रारींसाठी संकेतस्थळ सुरू केले आणि वेप कोणत्याही स्वरूपात, कितीही संख्येत बाळगणे हे कायद्याचे उल्लंघन आहे, असा खुलासा केला. कायद्याच्या मजकुरात जे ढळढळीत लिहिलेले नाही, ते खुलाशाने भरून काढायचा हा प्रयत्न. न्यायालयात तो कितपत टिकेल हा वकिलांचा विषय. सप्टेंबर २०२५मध्ये एका वेबमालिकेतल्या वेप ओढण्याच्या दृश्यावरून राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मुंबई पोलिसांकडे कारवाईची विचारणा केली. डिसेंबर २०२५मध्ये तर खुद्द लोकसभेत एक सदस्य ई-सिगारेट ओढत असल्याचा आरोप अनुराग ठाकूर यांनी केला. ज्या सभागृहाने बंदी मंजूर केली, तिथेच सहा वर्षांनी ही तक्रार उठावी, यावर अधिक काय बोलावे!

बंदी उठण्याची चिन्हे नाहीत आणि उठावी अशी मागणी राजकारणात कोणी जोरकसपणे करतही नाही. पण निदान मजकूर तरी सरळ करता येईल. वापरणारा गुन्हेगार आहे की नाही, हे कायद्याच्या कलमात लिहा. प्रवाशाला विमानात बसण्याआधी, तिकिटाबरोबर, त्याच्या भाषेत सांगा. संदिग्ध कायदा सर्वांत जास्त सोयीचा पडतो तो नाक्यावर तडजोड करू पाहणाऱ्याला.

तोवर परदेशातून दिवाळीला येणाऱ्या लेकाला-सुनेला फोनवर चकलीच्या भाजणीबरोबर हेही सांगून ठेवावे, की वेप तिकडेच ठेवून या. सिंगापूरला निघालेल्याने बॅगेचे सगळे कप्पे एकदा उलटे करून पाहावेत. ज्यांना निकोटिनवाचून खरोखरच जमत नाही, त्यांच्यासाठी दोन मिलिग्रॅमची निकोटिनची गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते आणि व्यसन सोडायचेच असेल, तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे.